पाच लाखांत काय काय होतं?

पुण्यात जन्म काढलेल्या लोकांनाही हे माहिती नसतं की महापालिकेच्या बजेटमध्ये आपल्या गल्लीतलं एखादं काम आपण स्वतः सुचवू शकतो. २००६ पासून चालू आहे हे, देशात असलं काही करणाऱ्या पहिल्या काही शहरांपैकी आपण, आणि तरी सोसायटीच्या ग्रुपवर मी फॉर्मची लिंक टाकली तर पहिला रिप्लाय काय, "फ्रॉड तर नाही ना हे? कुणी क्लिक करू नका."

तर कसंय, पुढच्या आर्थिक वर्षासाठी आधीच अर्ज मागवतात, ऑनलाइन भरा नाहीतर क्षेत्रीय कार्यालयात नेऊन द्या. एका कामाला जास्तीत जास्त पाच लाख, त्यामुळे उड्डाणपूल वगैरे मागू नका. फुटपाथ, दिवे, बसस्टॉप, स्वच्छतागृहाची डागडुजी अशी कामं. मग इंजिनियर लोक खर्चाचा अंदाज काढतात, प्रभाग समितीपुढे जातं आणि मंजूर झालेलं बजेटात येतं. हो, बाकडी पण मागता येतात, पण पुण्यात बाकड्यांची काय कमी आहे, जिथे बघाल तिथे बाकडं आणि त्याच्या पाठीवर "संकल्पना" म्हणून कुणाचं तरी नाव. बाकडं ठेवायला कसली आलीय संकल्पना!

मला ही योजना आवडते कारण कुठला दिवा झाडाच्या फांदीत गेलाय आणि खाली मिट्ट काळोख असतो हे मुख्य इमारतीत बसून कुणाला कळणार, ते रोज रात्री तिथून चालत येणाऱ्या मुलीलाच माहिती. पण एक गोष्ट खटकते, अर्ज ज्याचा त्याने एकट्याने भरायचा. समजा मला कोपऱ्यावर बाकडं हवंय आणि समोरच्या काकूंना ते नकोच आहे कारण रात्री टोळकं बसतं, तर आम्ही दोघी वेगवेगळे अर्ज टाकणार आणि ठरवणार तिसराच. आमचं एकमेकींशी बोलणं होतच नाही! ब्राझीलच्या पोर्तो अलेग्रे शहरात १९८९ ला असंच लोकांनी बजेट ठरवणं सुरू झालं तेव्हा मोहल्ल्यामोहल्ल्यात सभा भरायच्या, लोक भांडून ठरवायचे की आधी गटार की आधी रस्ता. आणि तेवढं लांब कशाला, नगर जिल्ह्यातलं हिवरे बाजार घ्या, तिथे यंदा पाणी किती आहे याचा हिशोब गावापुढे मांडतात आणि मग कुठली पिकं घ्यायची ते ठरतं. गावाला ग्रामसभा आहे, शहरात काय? कायद्यात आहे तसं, २००९ मध्ये राज्याने क्षेत्रसभेची तरतूद केली, म्हणजे मतदान केंद्राच्या भागातल्या मतदारांनी एकत्र बसायचं. तुम्ही गेलायत कधी अशा सभेला? मी तर कुणी गेलेलं ऐकलं पण नाही. त्यात मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि नंतर २०२६ च्या निवडणुकीपर्यंत नुसते प्रशासक होते, मग सभा बोलावणार तरी कोण होतं.

दुसरं म्हणजे अर्ज भरतं कोण? आमच्यासारखे, ज्यांच्याकडे वेळ आणि लॅपटॉप आहे ते. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींना विचारलं तर म्हणाल्या, वस्तीतल्या संडासात आतून कडी बसवा आणि बाहेर दिवा लावा, बाकी काही नको. पाच लाखांच्या कितीतरी आत होईल हे. आणि आमच्या ग्रुपवर काय चाललंय तर पेव्हर ब्लॉक कुठल्या रंगाचे!

म्हणून यावेळी मावशींबरोबर बसून त्यांच्या नावाने अर्ज भरायचं ठरवलंय. तुम्हीही भरणार असाल तर एवढं करा, जागा नीट लिहा, "मंदिराजवळ" लिहून चालत नाही कारण मंदिरं पावलोपावली, विजेच्या खांबावर नंबर असेल तर तो टाका, फोटो जोडा, आणि कागद हातात नेऊन देत असाल तर पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नका.