तुम्ही विचारलंत म्हणून: पीएचडी का सोडली

"इतकी चांगली पीएचडी चालली होती, का सोडलीस?" मावश्यांनी विचारून झालं, कॉलेजातल्या सहकाऱ्यांनी विचारून झालं, परवा बारावीतल्या एका मुलीनेही विचारलं. मी दरवेळी "फेलोशिप संपली" म्हणते. ती संपली होतीच. पण सहा महिन्यांची मुदतवाढ मिळत होती आणि मी अर्जच केला नाही.

माझा विषय व्हेसिकल्स. चेतापेशीच्या टोकाशी असलेल्या, जेमतेम 40 नॅनोमीटरच्या, रसायन भरलेल्या पिशव्या. त्या पेशीच्या पटलात मिसळून रसायन बाहेर सोडतात, मग तेच पटल आणि त्यातली प्रथिनं आत ओढून पिशवी पुन्हा उभी करावी लागते. नवी का मागवत नाहीत, असं घरी विचारायचे. प्रथिनं बनतात कण्याजवळच्या पेशीकायेत आणि टोक असतं पायाच्या बोटात. सगळ्यात वेगवान वाहतूकही दिवसाला साधारण 400 मिलिमीटर. माल येईपर्यंत टोकाकडचा साठा कधीच संपलेला असेल.

'शिबिरे' नावाच्या उत्परिवर्तित फळमाशीत हे आत ओढणं तापमानाने थांबवता येतं. 19 अंशांना माशी ठणठणीत. 30 अंशांना पिशवीची मान तोडून तिला सुटी करणारं डायनॅमिन हे प्रथिन निकामी होतं, टोकं रिकामी होतात, माशी आडवी पडते. गार केली की उठून चालू लागते. पहिल्यांदा पाहिलं त्या दिवशी मला जेवण सुचलं नव्हतं.

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली काढलेल्या माझ्या चित्रांत मात्र 30 अंशांनाही व्हेसिकल्स दिसत होत्या. थोड्या, पण होत्या. अकरा महिने मी त्या मोजल्या. डायनॅमिनशिवाय चालणारी वाट सापडली, असं मी लॅब मीटिंगमध्ये उभं राहून सांगितलं. नवीनच आलेल्या एका मुलाने हळूच विचारलं, "ताई, फिक्सेटिव्ह किती तापमानाचं होतं?" फिक्सेटिव्ह म्हणजे पेशी आहे तशी पक्की करणारं द्रावण; माझं ग्लुटाराल्डिहाइड मी फ्रिजमधून काढून थेट ओतत होते. चार अंशांचं. ते पेशीला जागच्या जागी पक्कं करायला काही सेकंद घेतं, आणि तेवढ्यात गार झालेलं डायनॅमिन कामाला लागलेलं. मी 30 अंशांची माशी मोजतच नव्हते, उठू लागलेली माशी मोजत होते. कोणी रागावलं नाही. सर म्हणाले, पुन्हा कर. पुन्हा केलं, फिक्सेटिव्ह 30 अंशांवर आणून. टोकं रिकामी होती.

चुकीला घाबरून पळाले, असं म्हणू नका. चुका सगळ्यांच्या होतात. पण त्या मुलाने विचारलं नसतं तर मी ते छापलं असतं, आणि मला हे अजून पेलत नाही. तेव्हाची मी म्हणायची की काळजी घेतली की झालं. मी काळजी घेतच होते.

मग मी वर्गात शिकवत असताना, 2013 मध्ये, शिगेकी वातानाबे आणि सहकाऱ्यांनी उंदराच्या चेतापेशी क्षणात गोठवून दाखवलं की पटल 50 ते 100 मिलिसेकंदांत आत येतं. पुढच्याच वर्षी त्यांनी दाखवलं की खोलीच्या तापमानाला ही वाट बंद पडते आणि क्लॅथ्रिन या प्रथिनाची सावकाश वाट चालू होते. म्हणजे तापमानाने फसवलं ते एकट्या मला नाही. हे वाचून बरं वाटलं आणि रागही आला, कारण अर्ज न करण्याचं माझं कारण त्या दिवशी अर्धं गळून पडलं. उरलेलं अर्धं काय, ते मला नीट सांगता येत नाही.

सिनॅप्टोब्रेव्हिन या प्रथिनाचे सुमारे 70 रेणू एका व्हेसिकलवर असतात. बाहेर पसरल्यावर ते गोळा होऊन परत येतात, एपी-180 नावाचं दुसरं प्रथिन त्यांना हाताशी धरतं, इथवर ठाऊक आहे. प्रत्येक फेरीत हिशेब जुळतो कसा, हे मी अजून रात्री वाचत बसते.

थंड फिक्सेटिव्हच्या ग्रिड्स, म्हणजे नमुन्यांचे काप ठेवलेल्या बारीक जाळ्या, मी टाकलेल्या नाहीत. माशी उठते त्या पहिल्या काही सेकंदांत पटल कुठून आत येतं, ते त्यांत असणार. तेव्हा मी फक्त व्हेसिकल्स मोजल्या. पटलाच्या कडा पाहिल्याच नाहीत.