सिन्याकचा धक्का

दक्षिण फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या सँ-त्रोपेला रेल्वे जात नाही. सँ-राफाएलला उतरून पुढे बस, नाहीतर तासाभराची बोट. मी बोटच धरली. चित्रकार पॉल सिन्याक १८९२ साली इथे आला तो समुद्रावरूनच, स्वतःच्या ‘ओलँपिया’ नावाच्या शिडाच्या होडीतून. त्याची चित्रं बघायची तर गाव आधी पाण्यावरून दिसायला हवं, असं मनात होतं. आणि तसंच झालं: आधी चर्चचा पिवळसर घंटामनोरा, मग घरं, मग धक्का.

सिन्याक आला तेव्हा दुःखात होता. आदल्या वर्षी त्याचा चित्रकार मित्र झॉर्झ सरा अवघ्या ३१व्या वर्षी गेला. रंग कालवायचे नाहीत, शुद्ध रंगांचे ठिपके शेजारी शेजारी ठेवायचे आणि मिसळण्याचं काम बघणाऱ्याच्या डोळ्यावर सोपवायचं, ही बिंदुवादाची रीत सराची. आपल्याकडे धूपछाव साडीत ताणा एका रंगाचा, बाणा दुसऱ्या रंगाचा, आणि पदर हलला की तिसराच रंग चमकतो, तसंच काहीसं. हा विचार ज्याच्या लेखनातून या मंडळींपर्यंत आला, तो रसायनशास्त्रज्ञ शेव्रलही पॅरिसच्या गोबलँ विणकामशाळेत रंगाईचाच प्रमुख होता.

लानोन्सियाद संग्रहालय बंदराला लागूनच, सोळाव्या शतकातल्या एका चॅपेलमध्ये आहे. मी ज्यासाठी आले होते ते चित्र १८९९चं: सँ-त्रोपेचा धक्का. शिडाच्या होड्या, काठावरची घरं, पाण्यात त्यांची थरथर. जवळ गेले तर चित्र नाहीसंच झालं. उरले नुसते गुलाबी, निळे, जांभळे, पिवळे तुकडे, फरशीच्या चिपांसारखे. मागे सरकत गेले आणि पाणी पुन्हा हलायला लागलं. किती वेळा पुढेमागे केलं, मोजलं नाही.

सराचे ठिपके बारीक, अगदी मोहरीएवढे. सिन्याकने इथे ते मोठे केले. काहींना त्यात शिस्त सैल झाल्यासारखी वाटते. मला नाही वाटत. मोठे तुकडे डोळ्यात पुरते विरघळत नाहीत, म्हणूनच ते लुकलुकत राहतात, आणि समुद्राचं पाणी तसंच तर असतं. मित्राची रीत त्याने जपली, पण आपल्या समुद्राच्या मापाने. त्याच १८९९ साली त्याने या रीतीची बाजू मांडणारं पुस्तकही काढलं. १९०४च्या उन्हाळ्यात तरुण चित्रकार मातिस इथे त्याच्याजवळ येऊन राहिला आणि त्यानेही ठिपके हाती घेऊन पाहिले.

बाहेर आले तेव्हा बंदरात पांढऱ्या यॉट दाटीने लागल्या होत्या. सिन्याकच्या शिडांची इथे आता जागा उरलेली नाही. परतीच्या बोटीत मात्र मी मुद्दाम मागच्या बाकावर बसले. घरं आधी खिडक्या हरवून बसली, मग कडा. शेवटी मनोऱ्याचा एक पिवळा ठिपका राहिला, आणि त्याच्याखाली पाण्यात दुसरा.