गोलकीपरच्या किटचं कापड बदलताना

हॉकीच्या गोलकीपरचं किट बाद होतं तेव्हा आतला फोम बहुतेक वेळा धडधाकटच असतो. झिजतं ते वरचं कापड, सोलतं ते कोटिंग आणि उसवते ती शिवण. हॉकीचा चेंडू १५६ ते १६३ ग्रॅमचा आणि कडक असतो, पण त्याचा मार फोम झेलतो. कापडाचे शत्रू वेगळे: टर्फवरची घसट, घाम, ऊन आणि आपल्याकडची, म्हणजे गोव्याची, दमट हवा. क्लबच्या किटमधले हँड प्रोटेक्टर (हातावर चढवायचे फोमचे जाड पॅड), डाव्या हाताचे ग्लोव्ह आणि ओव्हरपँट (संरक्षक पॅडिंगवरून घालायची पँट) नव्याने शिवून घेताना मी कापडाची निवड याच हिशोबाने केली.

दुकानात पहिला आकडा कानावर पडतो तो डेनिअरचा. ९००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन म्हणजे डेनिअर, एवढंच. त्यावरून धागा किती जाड ते कळतं, कशाचा आहे ते कळत नाही. शाळेच्या दप्तराचं ६०० डेनिअर पॉलिएस्टर आणि ५०० डेनिअर कॉर्ड्युरा (चिवट कापडाचा एक ब्रँड) शेजारी ठेवले तर आकडा पहिल्याचा मोठा, पण घसटीला दुसरं कितीतरी जास्त टिकतं, कारण ते नायलॉन ६,६ चं आहे. ‘बॅलिस्टिक’ म्हणून मिळणारं १६८० डेनिअर कापडही बहुधा पॉलिएस्टरच असतं. खात्री करायची तर कडेचे चार धागे ओढून चिमट्यात धरून जाळावेत. पॉलिएस्टर काळा धूर सोडतं, वास गोडसर येतो आणि टोकाला काळी कडक गोळी उरते. नायलॉनचा धूर पांढुरका आणि गोळी करडी-तपकिरी. सुती मिश्रण असेल तर कागद जळल्यासारखा वास येऊन राख पडते.

म्हणून सगळीकडे नायलॉनच लावावं असं नाही. नायलॉन हवेतला ओलावा वजनाच्या सुमारे ४ टक्के धरून ठेवतं, पॉलिएस्टर अर्धा टक्काही नाही. भिजल्यावर नायलॉनची ताकद थोडी घटते आणि ते सैलावतं. उन्हातही पॉलिएस्टर जास्त टिकतं. मी वाटणी अशी केली: घसरणाऱ्या जागी, म्हणजे ओव्हरपँटचा कमरेचा बाजूचा भाग, मांडीची बाहेरची कड आणि गुडघ्याच्या वर, १००० डेनिअर नायलॉन. अंगाला लागणाऱ्या आतल्या बाजूला पॉलिएस्टरची जाळी. छातीच्या गार्डला घसट कमी आणि घाम जास्त, तिथे साधं पॉलिएस्टर पुरतं.

कोटिंगकडे सगळ्यांत बारकाईने पाहावं लागतं. मागच्या बाजूला पातळ पीयूचा, म्हणजे पॉलियुरेथेनचा, थर असला तर कापलेली कड उसवत नाही, शिवायला सोपं जातं. पण काही प्रकारचा पीयू दमट हवेत ओलावा शोषत विघटतो. आधी चिकट होतो, मग पापुद्रे सुटतात. किट कपाटात बंद राहिलं तर वापराविनाच सोलतं. घडी घालून अंगठ्याने जोरात चोळावं. पांढरी रेघ उमटली किंवा भुकटी निघाली तर ते कापड घेऊ नये. पीव्हीसीचं जाड रेक्झिन तर नकोच. ते घाम अडवतं आणि काही वर्षांनी कडक होऊन घडीवर तडकतं.

ओव्हरपँटला कापड फार लागत नाही. ५८ इंची पन्ह्याच्या अर्ध्या मीटरमध्ये २० बाय ३० सेंटीमीटरचे आठ तुकडे निघतात. कडा तापलेल्या सुरीने कापल्या तर नायलॉन वितळून बंद होतं. तुकड्याचे कोपरे गोल करावेत, कारण चौकोनी कोपरा टर्फमध्ये अडकतो आणि तिथूनच उसवायला लागतो.

ग्लोव्हच्या तळव्याचं काम जास्त नाजूक आहे. तिथे तीन पर्याय होते. बकरीचं क्रोम-टॅन चामडं: मऊ, चिवट, काठीवरची पकड उत्तम, पण आपल्या पावसाळ्यात बुरशी धरतं आणि घामाने भिजून सुकलं की कडक होतं. फुटबॉल गोलकीपरचं लॅटेक्स: चेंडूला छान चिकटतं, पण काठीच्या मुठीवर घासून त्याचा चुरा होतो. तिसरा मायक्रोफायबर सुएड, आइस हॉकीच्या ग्लोव्हच्या तळव्याला वापरतात त्या क्लारिनो नावाच्या कृत्रिम चामड्याच्या जातीचा. गोव्यासाठी मी हाच निवडला. धुता येतो, लवकर सुकतो, बुरशी क्वचितच धरतो. जाडी ०.८ ते १ मिलिमीटर. तळव्याच्या टाचेवर, जिथे काठी सतत घासते, तिथे १.२ मिलिमीटरचा आणखी एक तुकडा. केव्हलार या चिवट कृत्रिम तंतूच्या कापडाचा आग्रह काहीजण धरतात. ते चिरण्याला चांगलं, पण उन्हात कमजोर होतं आणि वारंवार दुमडून त्याचे तंतू तुटतात. उघड्या तळव्याला ते नको.

जुना तळवा टाके कापून काढावा, ओढून नाही. तोच फर्मा, म्हणजे नवा तुकडा आखायचा नमुना. बोटांच्या खोबणीला जुनी भोकं ताणलेली असतात, म्हणून फर्मा सपाट दाबून मगच आखावा. सुएड एका दिशेला जास्त ताणतं. ती दिशा तळव्याच्या रुंदीला यायला हवी. लांबीला आली तर महिन्याभरात बोटं लांब होतात आणि काठीवर घडी पडते. शिवताना अंगठ्याची खोबण आधी, मग बोटं, शेवटी मनगट. उलट क्रमाने शिवलं की उरलेला सगळा झोळ अंगठ्यात येतो.

दोरा साधा सुती किंवा शर्टाचा नको. बाँडेड पॉलिएस्टर (तंतू सुटू नयेत म्हणून लेप दिलेला दोरा), टेक्स (दोऱ्याच्या जाडीचं माप) ७० ते ९०, सुई १८ नंबरची. टाका ३ ते ४ मिलिमीटरचा. दोन मिलिमीटरवर आणला तर सुएडला जवळजवळ भोकं पडून तो तिकिटासारखा फाटतो. चामड्याची धारदार टोकाची सुई फक्त चामड्याला. कापडावर ती धागेच कापत जाते. घरचं मशीन इतके थर ओढत नाही, वरचा थर पुढे सरकतो. म्हापशात गाडीची सीट कव्हरं शिवणाऱ्यांकडे वॉकिंग फूटचं (वरचा थरही खालच्याबरोबर ओढणाऱ्या पायाचं) मशीन असतं, त्यावर हे काम सरळ होतं. मशीन पोचत नाही तिथे आरी आणि मेणाचा दोरा.

चिकटवण्याचं काम पावसाळ्यात टाळावं. रबर सोल्यूशन सुकताना दमट हवेतलं पाणी त्यावर धरतं आणि जोड नंतर सुटतो. मार्च-एप्रिलमध्ये उरकावं, चवथीनंतर मुलं मैदानावर उतरतात तेव्हा किट तयार हवं. तशीच घाई करायची वेळ आली तर गोंद न वापरता नुसतं शिवावं.

एक मोजमाप विसरू नये. नियमानुसार हँड प्रोटेक्टर २२८ मिलिमीटरपेक्षा रुंद आणि ३५५ पेक्षा लांब असता कामा नये, पायाचं पॅड ३०० मिलिमीटरपेक्षा रुंद नाही. नवं कव्हर आणि कडेची पाइपिंग मिळून दोन्ही बाजूंना दोन-तीन मिलिमीटर वाढतात. आधीच काठावर असलेला प्रोटेक्टर कव्हर चढल्यावर बाद ठरू शकतो. मी शिवण्याआधी आणि नंतर, दोन्ही वेळा तो तळवा वर करून सपाट ठेवून मोजतो. २०२३ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेतली हॉकी जिथे झाली त्या पेडे-म्हापशाच्या मैदानावर स्पर्धा खेळायची तर पंचांच्या आधी आपणच टेप लावलेली बरी.

वेल्क्रो ५० मिलिमीटर रुंदीचा घ्यावा आणि आकड्यांची बाजू अंगापासून बाहेर तोंड करून लावावी, नाहीतर आतली जाळी ओढून फाडतो. आकड्यांत टर्फचे तंतू अडकले की पकड जाते. जुन्या टूथब्रशने ते काढता येतात. धुतल्यावर किट सावलीत, वाऱ्याला उलटं टांगावं. गाडीच्या डिकीत बंद ठेवलेला फोम उन्हाच्या तापाने आकसतो, आणि मग नवं कव्हरही त्यावर ढिलं होतं.