ऑरलँडोची थीम पार्क आणि पोर्ट कॅनाव्हरलची क्रूझ: एकत्र बुकिंग की वेगवेगळं?

सोमवारी दुपारी फ्लोरिडातल्या ऑरलँडोला उतरायचं, शुक्रवार सकाळपर्यंत थीम पार्क, शुक्रवारी दुपारी जवळच्या पोर्ट कॅनाव्हरल बंदरात जहाजात चढायचं आणि पुढच्या सोमवारी सकाळी उतरायचं. सात रात्रींचा हा आराखडा डिस्नीनेही सुरुवातीपासून वापरला. १९९८ मध्ये ‘डिस्नी मॅजिक’ हे त्यांचं पहिलं जहाज निघालं, तेव्हा विक्री मुख्यतः आठवड्याच्या पॅकेजचीच होती: तीन-चार दिवस जमीन, उरलेले समुद्र. आजही क्रूझ बुक करताना त्याच बुकिंगमध्ये डिस्नी वर्ल्डचं हॉटेल, पार्कची तिकिटं आणि बंदरापर्यंतची बस जोडता येते. एकच रक्कम, एकच बुकिंग नंबर. दिसायला फार सोयीचं आहे. तरी बहुतेक कुटुंबांनी क्रूझ वेगळी आणि पार्क वेगळं बुक करावं, असं आमचं स्पष्ट मत आहे.

एकत्र घेतलं की स्वस्त पडतं, हा समज आधी सोडून द्यावा. एकत्र पॅकेजची किंमत साधारणपणे क्रूझ, हॉटेल आणि तिकिटं यांची बेरीजच असते. उलट डिस्नी वर्ल्डच्या हॉटेलांवर मधूनमधून सवलती निघतात, त्या वेगळ्या केलेल्या हॉटेल बुकिंगला मागाहूनही लावून घेता येतात. सवलत जाहीर झाली की फोन करायचा, त्याच तारखांना नवा दर मिळतोय का विचारायचं आणि बुकिंग बदलून घ्यायचं. हॉटेल क्रूझच्या बुकिंगला जोडलेलं असेल तर हा दरवाजा बहुधा बंद असतो.

पण पैसा खरा जातो तो रद्द करताना. डिस्नी वर्ल्डचं हॉटेल आणि तिकिटांचं पॅकेज वेगळं घेतलं तर २०० डॉलर डिपॉझिट भरायचं आणि पूर्ण रक्कम ३० दिवस आधी. तीस किंवा जास्त दिवस आधी रद्द केलं तर सगळे पैसे परत, २९ ते २ दिवस आधी केलं तर २०० डॉलर कापले जातात. नुसती खोली घेतली असेल तर एका रात्रीचं भाडं डिपॉझिट असतं, तेही ५ दिवस आधीपर्यंत परत मिळतं. क्रूझचं गणित फार कडक. डिस्नीच्या पाच रात्रींपर्यंतच्या सफरीत, साध्या केबिनला, पूर्ण रक्कम ९० दिवस आधी भरावी लागते. त्यानंतर ४५ दिवसांपर्यंत रद्द केलं तर डिपॉझिट जातं, ४४ ते ३० दिवसांत निम्मी रक्कम, २९ ते १५ दिवसांत ७५ टक्के, आणि शेवटच्या १४ दिवसांत सगळंच. सगळं क्रूझ कंपनीमार्फत एकत्र घेतलं की हॉटेलही याच अटींखाली येतं.

धरून चाला की चार रात्रींचं हॉटेल आणि तिकिटं मिळून ३,००० डॉलर झाली आणि निघायला २० दिवस असताना आजोबांना दवाखान्यात दाखल करावं लागलं. वेगळ्या बुकिंगमध्ये जमिनीवरच्या भागाचे २०० डॉलर जातील, एकत्र बुकिंगमध्ये २,२५०. क्रूझचे जातात ते दोन्हीकडे सारखेच. फरक एवढाच आहे, पण तो २,०५० डॉलरचा आहे. अटी बदलत असतात, म्हणून पैसे भरण्याआधी त्या दिवशीच्या अटींचं पान वाचा आणि पीडीएफ करून ठेवा.

मग एकत्र कुणी घ्यावं? ज्यांच्या तारखा पक्क्या आहेत, गाडी चालवायची नाही आणि एकाच ठिकाणी फोन करून सगळं मार्गी लावायचं आहे, त्यांनी. मधला मार्गही आहे आणि तो आम्हाला सगळ्यात बरा वाटतो. दोन बुकिंग वेगळी ठेवायची, पण एकाच ट्रॅव्हल एजंटकडून करायची. एजंटचं कमिशन बहुतेक वेळा कंपनी देते. जुळवाजुळव त्याच्याकडे, अटी मात्र दोन्हीकडे आपापल्या.

आता कागदपत्रं. अमेरिकेतल्या मराठी घरांत बेत फसतो तो बहुतेक इथेच, आणि पैसे भरून झाल्यावर. पार्कसाठी कुणी पासपोर्ट विचारत नाही, पण जहाज बहामासला जातं, म्हणजे तुम्ही अमेरिकेबाहेर जाऊन परत येता. भारतातून आलेल्या आई-वडिलांच्या व्हिसावर ‘एंट्रीज’च्या रकान्यात ‘एम’ हे अक्षर हवं, म्हणजे अनेकदा प्रवेशाची मुभा. एच-१बी या नोकरीच्या व्हिसावाल्यांचा पासपोर्टवरचा व्हिसा स्टॅम्प संपला असेल आणि नुसत्या नव्या आय-७९७ या मंजुरीच्या कागदावर राहत असाल, तर ही क्रूझ घेऊ नका. तीस दिवसांच्या आत परतणाऱ्यांना संपलेल्या स्टॅम्पवर येऊ देणारी जी सवलत आहे, ती एच-१बीला फक्त कॅनडा आणि मेक्सिकोपुरती आहे. एफ (विद्यार्थी) आणि जे (एक्स्चेंज) व्हिसावाल्यांना तीच सवलत क्यूबा सोडून आसपासच्या बेटांनाही लागू होते. एकाच घरात नवरा एच-१बी आणि बायको एफ-१ असेल तर दोघांचे नियम वेगळे निघतात, हे कुणाच्या लक्षातच येत नाही. ग्रीन कार्डाचा अर्ज चालू असेल तर अ‍ॅडव्हान्स पॅरोलचा, म्हणजे बाहेर जाऊन परत येण्याच्या आगाऊ परवानगीचा, प्रश्न आधी वकिलाला विचारा. भारतीय पासपोर्टला बहामाससाठी काय लागतं, ते क्रूझ कंपनीकडून ई-मेलवर लेखी घ्या. फोनवरचं उत्तर बंदरावर दाखवता येत नाही. अमेरिकेत जन्मलेल्या मुलांना अशा परतीच्या सफरीत जन्मदाखला चालतो, तरी पासपोर्टच न्या. बहामासच्या नासाऊला कुणी आजारी पडून मागे राहिलं तर विमानाने परतायला पासपोर्टच लागतो. परत आल्यावर आई-वडिलांचा आय-९४, म्हणजे प्रवेशाची नोंद, ऑनलाइन उघडून मुक्कामाची तारीख बघा. कमी दिवसांच्या अशा सफरीनंतर जुनीच तारीख राहू शकते, नवे सहा महिने मिळाले असं गृहीत धरू नका.

क्रम कोणता ठेवायचा? आधी पार्क, मग जहाज. जहाज कुणासाठी थांबत नाही. विमान रद्द झालं तर पार्कचा एक दिवस बुडतो, पण सफर हातची जात नाही. शिवाय पार्कमध्ये दिवसाला १५ किलोमीटर चालणं सहज होतं, त्यानंतर समुद्रावरचे तीन दिवस पायांना विश्रांती देतात. उलट क्रम ठेवणारच असाल तर आदल्या रात्री बंदराजवळ, कोको बीचला किंवा केप कॅनाव्हरलला मुक्काम करा. क्रूझच्या दिवशी सकाळी विमानाने येणं, विशेषतः हिवाळ्यात न्यू जर्सी किंवा शिकागोहून, हा धोका कुणीही पत्करू नये.

‘डिस्नी विश’ हे २०२२चं जहाज पोर्ट कॅनाव्हरलहून शुक्रवारी तीन आणि सोमवारी चार रात्रींसाठी निघतं. तीन रात्रींची सफर आठवड्याच्या शेवटी येते म्हणून दर रात्रीचा भाव बहुधा चढा असतो, पण मग पार्कचे दिवस सोमवार ते गुरुवार मिळतात आणि हॉटेल स्वस्त पडतं. दोन्ही बेरजा मांडून बघा, एकीकडे वाचलेलं दुसरीकडे किती जातं ते तेव्हाच कळतं. वेगळं बुकिंग केलं तर आणखी एक मोकळीक मिळते: जमिनीवरचे दिवस सगळे डिस्नीलाच द्यावे लागत नाहीत. ऑरलँडोतच युनिव्हर्सल या दुसऱ्या कंपनीची पार्क आहेत, त्यांतलं एपिक युनिव्हर्स २२ मे २०२५ला उघडलं. युनिव्हर्सलच्या पोर्टोफिनो बे, हार्ड रॉक आणि रॉयल पॅसिफिक या तीन हॉटेलांत राहणाऱ्यांना एक्स्प्रेस पास खोलीबरोबर मिळतो आणि तो चेक-इन आणि चेक-आउट अशा दोन्ही दिवशी चालतो. म्हणजे एका रात्रीच्या भाड्यात दोन दिवस रांग टळते. हा पास युनिव्हर्सल स्टुडिओज आणि आयलंड्स ऑफ अ‍ॅडव्हेंचरला चालतो, एपिक युनिव्हर्सला नाही.

माणसं मोजताना वयाच्या रेषा वेगळ्या आहेत हे लक्षात ठेवा. तीन वर्षांखालच्या बाळाला पार्कमध्ये तिकीट नाही, जहाजात मात्र भाडं आहे, आणि बाळ किमान सहा महिन्यांचं हवं. चोविसावा आठवडा लागलेल्या किंवा सफरीत लागणाऱ्या गरोदर बाईला जहाजात घेत नाहीत. आजी-आजोबांसह सहा जण असतील तर आर्ट ऑफ अ‍ॅनिमेशन हॉटेलच्या फॅमिली स्वीटमध्ये सगळे मावतात, जहाजात मात्र दोन केबिन घ्याव्या लागतात. मधून दार असलेल्या शेजारच्या केबिन मागा. त्या मोजक्याच असतात आणि लवकर जातात.

तारखांचं वेळापत्रक दोन वेगळ्या बुकिंगमध्ये स्वतः सांभाळावं लागतं. डिस्नी वर्ल्डच्या रेस्टॉरंटांचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. हॉटेलात राहणाऱ्यांना पहिल्या दिवसाच्या ६० दिवस आधी पुढच्या दहा दिवसांपर्यंतचं एकदम करता येतं. लायटनिंग लेन मल्टी पास, म्हणजे रांग टाळायचा विकतचा पास, डिस्नीच्या हॉटेलवाल्यांना सात दिवस आधी घेता येतो, बाहेर राहणाऱ्यांना तीन दिवस आधी. हॉटेलवाल्यांची ही सोय डिस्नी वर्ल्डच्या अ‍ॅपमध्ये हॉटेलचा बुकिंग नंबर जोडलेला असेल तरच चालते, म्हणून बुकिंग झालं त्याच दिवशी तो जोडा आणि सगळ्यांची नावं पासपोर्टवर आहेत तशीच टाका. क्रूझचं ऑनलाइन चेक-इन पहिल्यांदा जाणाऱ्यांना ३० दिवस आधी मिळतं, तेव्हाच बंदरावर पोहोचायची वेळ निवडायची असते.

विम्याबाबत एक गोष्ट पक्की करा. क्रूझ कंपनीचा विमा तिच्याकडून घेतलेल्या गोष्टींपुरताच असतो. वेगळं बुकिंग केलं तर विमान, हॉटेल, क्रूझ यांची एकूण रक्कम धरून बाहेरून एकच पॉलिसी घ्या. आधीपासूनचे आजार धरायचे असतील तर ती पहिलं डिपॉझिट भरल्यापासून ठरावीक दिवसांत, बहुतेक ठिकाणी साधारण दोन आठवड्यांत, घ्यावी लागते. आई-वडिलांचा व्हिजिटर विमा जहाजावरच्या दवाखान्याला चालतो का, हे पॉलिसीत शोधा. विमा घेताना हेही लक्षात ठेवा: वादळांचा मोसम १ जून ते ३० नोव्हेंबर.

शुक्रवारची सकाळ. डिस्नी वर्ल्डपासून बंदर सुमारे १०० किलोमीटर, सव्वा तास. विमानतळापासून ७० च्या आसपास. रस्ता ५२८ नंबरचा, टोलचा. न्यू जर्सी-न्यूयॉर्कहून स्वतःची गाडी आणली असेल तर ई-झेडपास इथे चालतो. वाटेत अपघात झाला की अख्खा रस्ता अडतो, म्हणून दिलेल्या वेळेच्या अडीच तास आधी हॉटेल सोडा. बंदर दोन काठांवर पसरलेलं आहे: डिस्नीचे टर्मिनल ८ आणि १० उत्तरेला, रॉयल कॅरिबियनचा १ आणि कार्निव्हलचा ३ दक्षिणेला. टॅक्सीवाल्याला नुसतं ‘पोर्ट’ न सांगता टर्मिनलचा नंबर सांगा. क्रूझची बस हवी असेल तर ती स्वतंत्रपणेही क्रूझच्या बुकिंगला जोडता येते, त्यासाठी हॉटेल जोडायची गरज नाही. भाड्याची गाडी बंदराजवळ सोडता येते, पण तिथली कार्यालयं शनिवार-रविवारी लवकर बंद होतात, वेळ आधी बघा.

सूटकेसला केबिन नंबरचा टॅग लावून ती हमालाकडे दिली की ती केबिनपर्यंत यायला संध्याकाळ होऊ शकते. पासपोर्ट, औषधं, चार्जर आणि मुलांचे पोहण्याचे कपडे पाठीवरच्या पिशवीतच ठेवा, कारण दुपारी पहिली धाव पूलकडेच असते. घरून आणलेले लाडू, चिवडा, थेपले पार्कमध्ये खुशाल न्या, तिथे बाहेरचं खाणं चालतं, फक्त काचेची बाटली नको. जहाजात घरी केलेलं काहीच चालत नाही. कारखान्यातलं, न उघडलेलं पाकीट तेवढं चालतं. म्हणून डबे गुरुवारी रात्री रिकामे करा. इलेक्ट्रिक कुकर, किटली, इस्त्री आणि सर्ज प्रोटेक्टर असलेली एक्स्टेन्शन कॉर्डही तपासणीत काढून घेतात.

शाकाहाऱ्यांनी काळजी करू नये. पहिल्या रात्री जेवायला बसल्याबरोबर हेड सर्व्हरला सांगा, उद्यासाठी भारतीय शाकाहारी हवं आहे. डाळ, भाजी, भात रोज वेगळं करून आणतात. जैन जेवण मात्र बुकिंगच्या वेळीच कळवा. जमिनीवर अ‍ॅनिमल किंगडम लॉजमधलं ‘सना’ चांगलं: नान आणि बरोबर चटण्यांची थाळी, बाहेर गवतात फिरणारे जिराफ.

जहाज सुटल्याबरोबर फोन एअरप्लेन मोडवर टाका, नाहीतर समुद्रातल्या नेटवर्कचं बिल घरी येतं.

रविवारी रात्री सूटकेस केबिनबाहेर ठेवायला सांगतात. दुसऱ्या दिवसाचे कपडे, चपला आणि दात घासायचं सामान आधी काढून घ्या. सगळं भरून बाहेर ठेवलं की सकाळी रात्रीच्या कपड्यांवर उतरावं लागतं. सोमवारी नाश्ता लवकर असतो आणि साधारण नऊपर्यंत जहाज रिकामं होतं, पण इमिग्रेशनची रांग किती लांब असेल सांगता येत नाही. ऑरलँडोहून विमान दुपारी बाराच्या आधीचं घेऊ नका. व्हिसावर आलेले आई-वडील बरोबर असतील तर एकनंतरचं घ्या.