लीड्स, वेकफिल्ड, वेस्ट ब्रेटन: आधुनिक ब्रिटिश शिल्पं याच क्रमाने पाहा

आधुनिक ब्रिटिश शिल्पकला पाहायची म्हणून बहुतेक जण लंडनमध्येच थांबतात. माझं ऐकाल तर किंग्ज क्रॉसला गाडी पकडा आणि सव्वादोन तासांत उत्तर इंग्लंडमधल्या यॉर्कशायरातलं लीड्स गाठा. या शिल्पकलेतली दोन मोठी नावं इथलीच: हेन्री मूर (जन्म १८९८) जवळच्या कॅसलफर्डच्या खाणकामगाराचा मुलगा, बार्बरा हेपवर्थ (जन्म १९०३) वेकफिल्डची, आणि दोघंही लीड्सच्या कलाशाळेत शिकले.

पहिला मुक्काम लीड्स आर्ट गॅलरी. प्रवेश मोफत. इथे शिल्पकार जेकब एप्स्टाइनची १९१०ची ‘मॅटर्निटी’ आहे: दगडातली उंच गर्भवती, मान पोटाकडे झुकलेली, वक्ष जड. वेरूळ पाहिलेल्या माणसाला ही बाई परकी वाटत नाही, कारण एप्स्टाइनचं भारतीय शिल्पांवर खरोखरच प्रेम होतं. तोवर शिल्पकाराने मातीत नमुना करायचा आणि कारागिरांनी मापं घेऊन तो संगमरवरात उतरवायचा, अशी रीत होती. एप्स्टाइन, एरिक गिल, गोदिए-ब्रझेस्का यांनी छिन्नी स्वतःच्या हातात घेतली. सगळा बदल तिथून सुरू झाला, म्हणून लीड्स आधी.

याच गॅलरीत मूरची १९२९ची तपकिरी हॉर्नटन दगडातली पहुडलेली स्त्री आहे. तिचं मूळ मेक्सिकोच्या चाकमूल मूर्तीत, म्हणजे तिथल्या रेललेल्या प्राचीन दगडी मूर्तीत. पण मूरला लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये शिकवायला ठेवणारे प्राचार्य विल्यम रोथेन्स्टाइन हे ब्रॅडफर्डचे, आणि १९१०मध्ये अजिंठ्याला जाऊन आलेले! मला हा धागा फार मोलाचा वाटतो. शेजारचं हेन्री मूर इन्स्टिट्यूटही मोफत आहे. तिथलं प्रदर्शन वेळ असेल तरच पाहा.

लीड्सहून वेकफिल्ड वेस्टगेट रेल्वेने वीसेक मिनिटं. कॉल्डर नदीकाठचं द हेपवर्थ वेकफिल्ड २०११मध्ये उघडलं. इमारत डेव्हिड चिपरफिल्डची. तिकीट आहे. लंडनच्या ऑक्सफर्ड स्ट्रीटवरच्या हेपवर्थच्या ‘विंग्ड फिगर’चा पूर्ण आकाराचा नमुना इथे आहे, जवळजवळ सहा मीटर उंच. हेपवर्थची हत्यारंही मांडली आहेत. १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला तिने दगडाला आरपार भोक पाडलं, पाठोपाठ मूरनेही. शिल्पाच्या आतली पोकळी ही शिल्पाइतकीच घडवलेली असते, हे मला पुस्तकांतून कधी कळलं नव्हतं. इथे एकेका आकाराभोवती फिरताना कळलं. घाई करू नका, अर्धा दिवस द्या.

पुढचा अख्खा दिवस यॉर्कशायर स्कल्प्चर पार्कसाठी ठेवा. १९७७ पासूनचं, सुमारे ५०० एकर. पार्क वेस्ट ब्रेटन गावाजवळ आहे, वेकफिल्डहून तिकडे बस जाते. रविवारी जाणार असाल तर परतीची वेळ आधी बघा. मूरचे अवाढव्य ब्राँझ कुरणात उभे आहेत आणि आसपास मेंढ्या चरतात. हेपवर्थची ‘द फॅमिली ऑफ मॅन’ (१९७०), म्हणजे नऊ आकृत्या, उतारावर आहे. खालून चढत जा, आकृत्यांच्या मधून चाला.

मूरकडे मदतनीस असलेल्या अँथनी कॅरोने १९६०नंतर चौथराच काढून टाकला आणि रंगवलेलं पोलाद थेट जमिनीवर ठेवलं. अँडी गोल्ड्सवर्दीने तर इथल्याच दगडी कुंपणांत पडलेली झाडं बसवली (‘हँगिंग ट्रीज’, २००७). ती तळ्यापलीकडे आहेत, बरंच चालावं लागतं, पण चुकवू नका.

चिखल असतो, जाड तळव्याचे बूट आणि पावसाळी जॅकेट हवंच. पार्कचं तिकीट आधी काढा. गॅलऱ्यांसाठी सोमवार टाळा. शिल्पं अधूनमधून हलवली जातात किंवा प्रदर्शनाला बाहेर जातात, तेव्हा ‘मॅटर्निटी’साठीच जाणार असाल तर आधी चौकशी करा. एकच दिवस हाती असेल तर लीड्स आणि वेकफिल्ड करा. पार्क घाईत उरकण्यापेक्षा पुढच्या खेपेला ठेवा.