खाऊ संपला की ऐकणं संपतं का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. अमळनेरजवळ आमच्या शेतावर आलेला माणूस आमच्या कुत्रीला, काळीला, बारदानावर गुमान बसलेली बघतो आणि हमखास विचारतो, "खायला मिळतं म्हणून ऐकते. खाऊ संपल्यावर काय?"

हीच काळी कापूस वेचायला येणाऱ्या बायांच्या अंगावर पुढचे दोन्ही पाय टाकायची. चावायची नाही, लाडातच यायची. पण एका बाईच्या डोक्यावरची पाण्याची कळशी पडली आणि दुसऱ्या दिवशी ती कामाला आलीच नाही. आबांनी काठी काढली. काठीनं काळी एवढंच शिकली, की आबा जवळ असताना उडी मारायची नाही.

मग मी क्लिकर आणला. सखाराम महाराजांच्या यात्रेत पत्र्याचा बेडूक मिळायचा, अंगठ्यानं दाबला की टिक वाजणारा, तोच आवाज. आधी नुसतं टिक आणि लगेच उकडलेल्या अंड्याचा हरभऱ्याएवढा तुकडा. आवाजाचा अर्थ तिला कळला, तेव्हा खरं काम सुरू झालं. बाई बांधावरून येते, काळी धावते, आणि झेपावण्याआधी क्षणभर चारही पाय जमिनीवर असतात. टिक तिथेच वाजायला हवी. तुकडा एखाद-दोन सेकंद मागून आला तरी चालतं. टिक उशिरा वाजली तर मजुरी उडीला मिळते. तो क्षण पकडायला मला आठ दिवस लागले.

ही पद्धत आजची नाही. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ स्किनर यांचे विद्यार्थी केलर आणि मॅरियन ब्रेलँड यांनी 1940च्या दशकातच असा आवाज वापरून प्राणी शिकवले. 1960च्या दशकात कॅरेन प्रायर हवाईमध्ये डॉल्फिनना शिट्टी आणि मासे देऊन शिकवत होत्या. डॉल्फिनला ना पट्टा बांधता येतो, ना काठी मारता येते. तो सरळ पोहत लांब जातो. मला ही गोष्ट फार पटते.

लाच कामाआधी दाखवतात, मजुरी काम झाल्यावर देतात. म्हणून तुकडा खिशात, हात रिकामा. बसणं अंगवळणी पडलं तसा क्लिकर बंद केला, अंडंही कधी दुसऱ्या वेळी, कधी पाचव्या. उन्हाळ्यात शिकवणी सकाळी सहाच्या आत, पाचच मिनिटं. आणि आपल्या भाजीतला कांदा-लसूण, मनुका, चॉकलेट तिला चुकूनही द्यायचं नाही, ते कुत्र्यांना बाधतं.

आता खाऊ संपल्यावर काय? काळीला मुळात हवा होता तो त्या बायांचा हात. उडी मारली की बाई पाठ फिरवते, बसली की कानामागे खाजवते. तिची मजुरी आता तीच. कळशीवाली बाई या हंगामात परत आली, तेव्हा आबांनीच तिला बांधावर थांबवून सांगितलं, "ती बठनी का मंगच हात लावा."