एसीपींचे सुतक आणि बाबांची वही

एप्रिल २०२५ मधल्या एका सकाळी आठच्या सुमारास आईचा कोल्हापूरहून फोन आला. सकाळी आठ ही तिची पूजेची वेळ असल्यामुळे त्या वेळी तिचे नाव मोबाईलवर दिसले की पोटात गोळा येतो. तिने प्रस्तावना न करता विचारले, "शिवाजी साटमांचं काही कळलं का रे?" शेजारच्या काकूंच्या मोबाईलवर कोणीतरी श्रद्धांजलीच्या धाटणीचे एक चित्र पाठवले होते आणि दोघींनी चष्मे लावूनही त्यातला मजकूर नीट वाचला नव्हता. निधन साटमांचे झाले नव्हते, त्यांच्या एसीपी प्रद्युम्न या पात्राचे झाले होते. 'सीआयडी'च्या नव्या पर्वात एसीपींचा स्फोटात मृत्यू दाखवला गेला होता आणि वाहिनीने समाजमाध्यमांवर त्याचा शोकसंदेशही प्रसिद्ध केला होता. मी हे समजावून सांगितल्यावर आईला हायसे वाटले, आणि नंतर तिला राग आला. "चांगला हिंडताफिरता माणूस. त्याला कशाला मारायचं?" असे म्हणून तिने फोन ठेवला.

त्या आठवड्यात जे काही वाचायला मिळाले, ते सगळे आईच्या या एका वाक्याचेच निरनिराळे अवतार होते. कोणी वाहिनीवर बहिष्काराची भाषा केली, कोणी आपल्या शाळकरी वयातल्या रात्री आठवल्या, तर एसीपींच्या जागी नवे एसीपी आयुष्मान म्हणून आलेल्या पार्थ समथान यांच्याकडे, त्या बिचाऱ्यांचा काही दोष नसताना, सासरी पहिल्याच दिवशी उलटतपासणी झालेल्या सुनेकडे पाहावे तसे पाहिले गेले. मला यात कुतूहलाची बाब वाटली ती अशी की याच प्रेक्षकांनी वीस वर्षे या मालिकेतले काय काय निमूटपणे चालवून घेतले होते! डॉ. साळुंखे यांच्या प्रयोगशाळेत रंगीत द्रावणे एकमेकांत ओतली की खुन्याचे नाव निघत असे, दया लाथ मारी तो दरवाजा कधीही सागवानी निघत नसे, आणि गुन्हेगार एका थपडेत कबुलीजबाब देत असे. या सगळ्याची टिंगल प्रेक्षकांनी मनसोक्त केली, पण तक्रार म्हणून कधी केली नाही. तक्रार झाली ती घरातल्या माणसाला हात लागला तेव्हाच.

'सीआयडी' २१ जानेवारी १९९८ रोजी सुरू झाली आणि २७ ऑक्टोबर २०१८ रोजी, १५४७ भागांनंतर थांबली. तिचे कर्ते बी. पी. सिंग हे मूळचे मुंबई दूरदर्शनचे, आणि मराठी प्रेक्षकांनी त्यांचे काम त्याआधीच 'एक शून्य शून्य' या मालिकेत पाहिलेले होते. साटमही त्या मालिकेत होते. त्यामुळे माझ्या आईच्या पिढीला एसीपी प्रद्युम्न हे हिंदी मालिकेतले पात्र आहे असे मनापासून कधी वाटलेच नाही. तो आपल्याकडचाच माणूस, कामापुरता हिंदी बोलतो, इतकेच. हाताचा पंजा हवेत फिरवत "कुछ तो गड़बड़ है" म्हणणारे साटम दिसले की मेथी निवडणारी आई मान वर करी आणि ते वाक्य संपले की पुन्हा मेथीकडे वळे. खून कोणी केला हे तिला पुष्कळदा ठाऊकच नसे. भाग संपल्यावर मी विचारले तर ती म्हणे, "तो कोण तो, निळ्या शर्टवाला असेल."

हेच माझ्या मते सगळ्या प्रकरणाचे मर्म आहे. गुप्तहेरकथेचा प्रेक्षक तपासात सहभागी असतो, गुन्हेगार ओळखण्याच्या शर्यतीत तो गुप्तहेराशी स्पर्धा करतो, असे आपण मानतो. वीस वर्षे चाललेल्या मालिकेच्या बाबतीत हे खरे राहत नाही. तिथे प्रेक्षक स्पर्धक उरत नाही, तो नातेवाईक होतो. डिसेंबर २०२४ मध्ये ही मालिका परतली, तेव्हा जाहिरातीतच अभिजीत दयावर गोळी झाडताना दाखवला होता. लेखकांच्या दृष्टीने तो कुतूहल चाळवणारा धागा असणार. आईने मात्र दोन भावांत वाटणीवरून फाटावे तशी ती बातमी ऐकली. "एवढ्या वर्षांचे ते दोघे, असं कसं होईल?" या तिच्या प्रश्नात कथानकाविषयीची उत्सुकता तीळभरही नव्हती. फ्रेडरिक्सची भूमिका करणारे दिनेश फडणीस डिसेंबर २०२३ मध्ये वारले होते आणि परतलेल्या मालिकेत त्यांची उणीव कोणत्याही विनोदाने भरून निघण्यासारखी नव्हती. नव्या पर्वाचा पहिला भाग पाहताना आईने सर्वांत आधी त्यांची आठवण काढली, खून झाल्याचे नंतर पाहिले.

बाबांचा पिंड याच्या अगदी उलटा आहे आणि त्याचा लेखी पुरावा उपलब्ध आहे. ३ जुलै २००० रोजी 'कौन बनेगा करोड़पति' सुरू झाला, त्यानंतर आठवडाभरातच बाबांनी एका जुन्या दोनशे पानी वहीत रकाने आखले. तारीख, स्पर्धक, आपण कोणत्या प्रश्नापर्यंत पोचलो, रक्कम, आणि शेवटचा रकाना 'हरकत'. तेव्हाची शिडी त्यांना अजून पाठ आहे: एक हजारापासून सुरुवात, पाचव्या प्रश्नाला दहा हजार, दहाव्याला तीन लाख वीस हजार, पंधराव्याला एक कोटी. दहा हजार आणि तीन लाख वीस हजार हे दोन पक्के टप्पे, त्यांच्याखाली स्पर्धक घसरत नसे. त्या वर्षी मुंबईच्या हर्षवर्धन नवाथे यांनी पहिले कोटी जिंकले, त्या दिवसाच्या पानावर बाबांनी स्वतःच्या नावापुढे तीन लाख वीस हजार लिहिले आहेत आणि 'हरकत' या रकान्यात "अकराव्याला वेळ कमी पडला" अशी नोंद आहे. घरात बसून उत्तरे देणाऱ्याला वेळ कमी कसा पडतो, हे विचारण्याची आमची कोणाची छाती नव्हती.

हा कार्यक्रम २००५ मध्ये दुप्पट रकमेने परत आला, २००७ मध्ये शाहरुख खान यांच्यासह आला, २०१० मध्ये वाहिनी बदलून पुन्हा अमिताभ बच्चन यांच्यासह आला आणि त्यानंतर पर्वामागून पर्वे येतच राहिली. शाहरुख आले तेव्हा आमच्या ओळखीतल्या बहुतेकांनी नाके मुरडली. अमिताभ यांचा "आप" ज्यांच्या कानात बसला होता, त्यांना शाहरुख यांची थट्टामस्करी आणि गळाभेटी म्हणजे देवघरात चपला घालून येण्यासारखे वाटले. बाबांना मात्र सूत्रसंचालक बदलल्याचे सोयरसुतक नव्हते. त्यांच्या दृष्टीने सूत्रसंचालक म्हणजे प्रश्न वाचून दाखवणारा गृहस्थ. त्यांचा राग पुढच्या पर्वांवर आहे आणि तो आजतागायत शमलेला नाही: प्रश्न कमी झाले आणि कहाण्या वाढल्या. स्पर्धकाचे गाव, त्याचे कष्ट, त्याच्या घरच्यांच्या मुलाखती, त्यावर पार्श्वसंगीत, मग सूत्रसंचालकांचे डोळे पाणावणे, मग जाहिराती, आणि एवढे झाल्यावर एखादा प्रश्न. २०१० नंतरच्या पानांवर 'हरकत' हा रकाना इतर सगळ्या रकान्यांपेक्षा अधिक भरलेला आहे. एके ठिकाणी तर त्यांनी एका तासात आलेल्या प्रश्नांची संख्या लिहून तिच्याखाली दोन रेघा ओढल्या आहेत, जशा ते नोकरीत असताना ताळेबंद न जुळल्यावर ओढत असत.

ही तक्रार मी अनेक घरांत ऐकलेली आहे आणि तिला केवळ म्हाताऱ्यांची कुरकुर म्हणणे अन्यायाचे होईल. प्रश्नमंजुषेचा प्रेक्षक खरोखरच खेळत असतो. हॉट सीटवरच्या माणसाला चार पर्याय दिसतात त्याच क्षणी ते आमच्या बाबांनाही दिसतात, आणि तो विचार करत असताना बाबा उत्तर देऊन मोकळे होतात. कहाणीसाठी गेलेली दहा मिनिटे ही त्यांच्या दृष्टीने त्यांच्या वाट्याच्या खेळातून कापलेली दहा मिनिटे असतात. २०२० च्या पर्वात महासाथीमुळे समोर प्रेक्षकच नव्हते, म्हणून प्रेक्षकांचा कौल घेण्याची लाईफलाईन काढून टाकावी लागली. सगळे हळहळले, बाबा खूश झाले. लोकांना विचारून मिळवलेले उत्तर हे उत्तरच नव्हे, असे त्यांचे पहिल्यापासूनचे मत आहे.

कहाण्यांविरुद्धच्या या आघाडीत त्यांनी एकदाच माघार घेतलेली मी पाहिली. २०१९ मध्ये अमरावती जिल्ह्यातल्या अंजनगाव सुर्जीच्या बबिता ताडे हॉट सीटवर आल्या. शाळेत मुलांसाठी खिचडी शिजवणाऱ्या, महिना दीड हजार रुपये मिळवणाऱ्या या बाई एक कोटी जिंकल्या. मी तेव्हा घरी होतो. त्या स्वयंपाकाविषयी बोलू लागल्या तेव्हा बाबांनी पेनचे टोपण लावले आणि वही मिटून मांडीवर ठेवली. त्या दिवशीची नोंद रिकामी आहे. स्वतःची रक्कमसुद्धा लिहिलेली नाही.

मराठी आवृत्तीच्या वेळी आमच्या घरात तट पडले होते. २०१३ मध्ये सचिन खेडेकर सूत्रसंचालक होते, २०१९ मध्ये 'कोण होणार करोडपती' हे नाव घेऊन कार्यक्रम आला तो नागराज मंजुळे यांच्यासह, आणि २०२१ मध्ये खेडेकर परतले. मंजुळे स्पर्धकाशी पारावर बसून बोलावे तसे बोलत, आणि हे काहींना फार भावले, तर काहींना त्या खुर्चीला न शोभणारे वाटले. आई पूर्णपणे मंजुळ्यांच्या बाजूची होती, कारण तिच्या मते ते समोरच्याला घाबरवत नव्हते. बाबा तटस्थ होते. त्यांनी फक्त एवढे नोंदवले आहे की मराठीत संतवाङ्मयावरचे प्रश्न येतात आणि त्यांत आपली सरासरी सुधारते.

जाता जाता 'होम मिनिस्टर'चा उल्लेख करायलाच हवा. २००४ पासून आदेश बांदेकर भावोजी म्हणून घरोघर जात होते तोवर आई त्या कार्यक्रमाची पक्की प्रेक्षक होती. २०२२ मध्ये त्याचे 'महामिनिस्टर' झाले आणि बक्षीस म्हणून अकरा लाखांची पैठणी जाहीर झाली, तेव्हा ती म्हणाली, "ही नेसून बाई जाणार कुठं? बँकेच्या लॉकरात?" घरातल्या ओट्यापाशी चाललेला खेळ मैदानात नेला की त्यात आपण उरत नाही, हे तिने एका साडीवरून ओळखले होते.

जुने परत आणताना सर्वांत कमी धोका कशात असतो, याचे उत्तर मार्च २०२० च्या टाळेबंदीत मिळाले. दूरदर्शनने 'रामायण'सोबत 'ब्योमकेश बक्षी'ही पुन्हा दाखवायला सुरुवात केली. बासू चॅटर्जींनी १९९३ मध्ये केलेली ही मालिका, रजित कपूर यांचा तो शांत, धोतरातला ब्योमकेश, के. के. रैना यांचा अजित, आणि धूसर झालेली चित्रफीत. काहीही बदललेले नव्हते, म्हणून कोणालाही काही खटकले नाही. शिवाय ती मालिका खरोखर कोडे घालणारी होती, त्यामुळे आमच्या घरात प्रथमच दोघे एक गुप्तहेर मालिका शेजारी बसून पाहताना दिसले. बाबांनी खुन्याची नावे वहीत लिहिली, आईने दोघा मित्रांच्या चहाकडे लक्ष दिले.

याउलट 'करमचंद'चे झाले. १९८५ मध्ये पंकज कपूर यांनी गाजर चावत चावत खुनी शोधले आणि सुश्मिता मुखर्जी यांच्या किटीला "शट अप" म्हणत देशभर हशा पिकवला. २००७ मध्ये पंकज कपूर तेच, गाजरेही तीच, पण किटी सुचेता खन्ना. मालिका फार काळ टिकली नाही. सुचेता यांच्या अभिनयात उणे काढण्याचे कारण नव्हते. पण गुप्तहेर तोच ठेवून त्याच्या शेजारची व्यक्ती बदलली, तर जुना प्रेक्षक प्रत्येक संवादाला मनात दुसरा आवाज ऐकतो. दयाशिवाय अभिजीत किंवा साळुंखे यांच्याशी वाद न घालणारे एसीपी पाहताना जे होईल, तेच ते. मालिका नव्याने आणणारे लोक मुख्य पात्राची किंमत बरोबर जाणतात, पण त्याच्या आजूबाजूची माणसे सुटी काढून बदलता येतात असा त्यांचा समज असतो. २०२५ मध्ये तर मुख्य पात्राच्या बाबतीतही हाच समज करून घेतला गेला.

तो फार दिवस टिकला नाही. काही आठवड्यांतच साटम पडद्यावर परतले. त्या दिवशी मी मुद्दाम कोल्हापूरला होतो. पंजा हवेत फिरला, आईने हातातला कपडा घडी न करताच बाजूला ठेवला आणि म्हणाली, "आले. जरा वाळलेत."

बाबा चष्म्यावरून पाहत म्हणाले, "पण स्फोटातून वाचले कसे?"

"आले ना? मग झालं," आई म्हणाली आणि तिने आवाज वाढवला. बाबांनी उठून वही आणली. प्रद्युम्न यांचा प्रश्न त्यांनी करोडपतीच्या रकान्यांतच लिहिला आहे, आणि रकमेच्या जागी आडवी रेघ मारून 'हरकत'मध्ये नोंदवले आहे: "उत्तर सांगू दिले नाही."